नामदेवमामाचे आठ बार

आमच्या नामदेवमामांनी ज्वारीवरची पाखरं हाकलायला काय आणलं, माहीत हाय का? दिवाळीतलं टिकल्यांचं रिव्हॉल्व्हर! मामीची गोफण त्यांना लय हळू वाटायची.

मला म्हणले, "मोबाईलमधी बघून शिकलोय. चाप दाबून धरायचा आन् दुसऱ्या तळहातानं घोडा मागं हाणत राह्यचा. दोन सेकंदात आठ बार!"

आन् खरंच, आठही बार उडाले की! पाखरं जराशी उठली आन् परत कणसावर बसली. बांधावर चरणारी मामांची मेंढरं मात्र जी उधळली, ती थेट देवगाव फाट्यावर घावली.

मेंढरं वळून दमलेली मामी एवढंच म्हणली, "त्या मोबाईलमधल्या माणसाकडं मेंढरं होती का, ते तरी बघायचं की!"