साठच्या वर नाही

डिझेलच्या रांगेत पुढच्या गाडीच्या काचा खाली होत्या. आत नवराबायको.

"इंजिन ट्यून केल्यापासून लिटरला अठरा देतेय. आधी जेमतेम पंधरा! मेकॅनिकच्या हाताला तोड नाही."

"आणि तुमच्या पायाचं काय?"

"म्हणजे?"

"आधी शंभरने हाणायचात. मी जीव मुठीत धरून बसायचे. आता चाचणी म्हणून साठच्या वर जात नाही."

"अरेच्चा! मग चाचणी चुकलीच की. या टाकीभर डिझेलवर गाडी पूर्वीसारखी पळवून बघतो."

"काही नको. परवा बारा वर्षांत पहिल्यांदा मला तुमच्या गाडीत डुलकी लागली."

"हो, घोरत होतीस."

"मग?"

"मग मेकॅनिकला काय सांगू? तो चाचणीचा निकाल विचारतोय."

"सांगा, चाचणी अजून चालू आहे. वर्षभर चालेल."