फळीपलीकडचे मी ऐकले

सन्माननीय अध्यक्ष, गल्लीमंडळाचे प्रमुख ओगुरा महोदय. व्यासपीठावरील आदरणीय भिक्षू महाराज. आजच्या सत्कारमूर्ती श्रीमती शिगेबाई. त्यांना ओसाकास नेण्यासाठी आलेले त्यांचे चिरंजीव युकिमासा. आणि कानाझावाच्या आमच्या चाळीतील बंधुभगिनींनो,

माझे शिक्षण चौथ्या इयत्तेपर्यंत झाले. उभा जन्म कागदी सरकती दारे बनवण्यात गेला. तथापि बोलणे शुद्ध असावे, हा माझा आग्रह आहे.

आपल्या चाळीत भिंत म्हणजे काय? एक पातळ फळी. शेजारी शिंकला की इकडचा दिवा हलतो! मग माणसास खासगी आयुष्य मिळावे कोठून? ते शेजाऱ्यानेच द्यावयाचे असते. ऐकू येते, परंतु ऐकले असे म्हणावयाचे नाही, हा आपला पिढीजात रिवाज. गेल्या हिवाळ्यात खोकल्याने मला हैराण केले होते. सकाळी विहिरीवर शिगेबाई म्हणाल्या, "अहो दारवाले, मी मेली वेंधळी! मुळ्याचा रस मधात मुरवला, तो वाटीभर जास्तच झाला. टाकू, का नेताय?" खोकला हा शब्दसुद्धा त्यांनी उच्चारला नाही. हा संस्कार, महोदय, कोणत्या विद्यापीठात शिकवतात?

परवा दुपारी युकिमासा आले. मी फळीअलीकडे माझ्या खोलीत रंधा मारीत होतो.

"आई, ठरलंय. घरचा कर्ता मी आहे."

"मला विचारलंस?"

"त्यात विचारायचं काय? तिथं सिमेंटच्या भिंती आहेत. शेजारचं काही म्हणजे काही ऐकू येत नाही!"

"तेच तर रे. मग मी ऐकू काय?"

माझा रंधा थांबला. तो थांबलेला शिगेबाईंनीही ऐकला असावा. कारण त्या उठून भांडी आवरू लागल्या.

अध्यक्ष महोदय, कर्त्याने ठरवावे आणि घराने मान डोलवावी, हा कायदा युद्धानंतर रद्द झाला, हे आपणच याच सभागृहात वाचून दाखवले होते ना? आज भेटवस्तू देऊन झाली, चिरंजीवांचे कौतुक झाले. सत्कारमूर्तींना प्रश्न कोणी केला? शिगेबाई, गाडीस अजून अवकाश आहे. जावे की राहावे, हे आपण सांगावे. माझ्याजवळ देण्यासारखी पक्की भिंत नाही. फळीपलीकडची चाहूल गेली, तर या वयात रंधा कोणाच्या सोबतीने चालवावा, हेही मला ठाऊक नाही.

सभेने शांतपणे ऐकून घेतले, याबद्दल मी ऋणी आहे. शब्दांत काही उणे-अधिक झाले असल्यास पोटात घालावे. रिवाज मोडून 'मी ऐकले' असे चारचौघांत बोललो. तेवढ्याची क्षमा मात्र मी मागत नाही.