डाव्या हाताची पंगत

आजच्या समारंभाचे अध्यक्ष माननीय श्यामसुंदर साहेब, व्यासपीठावरील मान्यवर, पाटबंधारे कार्यालयातील सहकारी, पहिल्या रांगेत बसलेले आमचे बाबा, आणि आज निवृत्त होणारी आमची शालनताई, आपणा सर्वांना सविनय जयभीम.

मी अस्मिता, ताईच्या पाठची. माझ्या पाठची दीपाली तिकडे आतापासूनच रुमाल काढून बसली आहे. मला बोलायला पाच मिनिटं मिळाली आहेत. ती ताईनेच दिली आहेत आणि ती घड्याळाकडे बघते आहे, तेव्हा मुद्द्यावर येते.

ताईच्या शिस्तीबद्दल इथे बरंच बोललं गेलं. आपण ती ऑफिसच्या वेळेत भोगलीत, आम्ही जन्मापासून भोगतो आहोत. तक्रार नाही, माहिती देते आहे.

दोन वर्षांपूर्वी बाबांना अर्धांगाचा झटका आला. बोलणं शाबूत राहिलं, उजवा हात गेला. विश्रांतवाडीच्या घरी दर रविवारी आम्ही तिघी, जावई, मुलं सगळे एकत्र जेवायचो. आता बाबांना डाव्या हाताने घास घ्यावा लागे आणि तो सांडे. भरवायला गेलं की तोंड फिरवत. पोरींसमोर सांडत जेवायचं नाही, म्हणून त्यांनी दारच लावून घेतलं. ताट जसंच्या तसं परत यायचं. डॉक्टर म्हणाले, असंच चाललं तर नळी घालावी लागेल. दीपाली रडायची, मी डॉक्टरांशी भांडायचे. दोन्हींचा काय उपयोग होणार होता? रविवारचं जमणंही बंद पडलं.

आणि ताई? तिने एके दिवशी स्वतःचं ताट वाढून घेतलं, बाबांच्या खोलीत जाऊन समोर बसली आणि डाव्या हाताने वरणभात जेवायला लागली. निम्मा साडीवर. बाबा म्हणाले, “हे काय नाटक?”

“नाटक नाही, सराव. या रविवारपासून सगळे डाव्या हाताने जेवणार. जो उजवा लावेल, त्याने सगळ्यांची भांडी घासायची. पण पकडणार कोण? आमच्या माना ताटात. तुम्हालाच बाहेर येऊन बसावं लागेल.”

आता हे ऐका. आमचे बाबा, भीमराव, नोकरीभर सिटी बसमध्ये तिकीट तपासनीस होते. फुकट्या प्रवासी त्यांना पाठमोरा ओळखू यायचा. अशा माणसाला ताईने पुन्हा ड्युटीवर बोलावलं होतं. मग ते आल्याशिवाय राहतील का?

पहिल्याच रविवारी माझे यजमान विश्वजीत पापड मोडताना सापडले. “पापडाला दुसरा हात लागतोच,” असा युक्तिवाद त्यांनी केला. बाबा म्हणाले, “सगळे असंच सांगतात. उठा.” लोकांना पकडण्याच्या नादात बाबांनी ताट कधी संपवलं, त्यांनाही कळलं नाही. आम्हाला कळलं. ताई स्वयंपाकघरात जाऊन रडली. ती नाकारेल, पण मी पाहिलं आहे.

पुढे आमचा डावा हात इतका बसला की मांजरी गावात एका लग्नात आम्ही सगळेच्या सगळे सवयीने डाव्या हाताने जेवलो. लग्नघरचे एक आजोबा बराच वेळ बघत होते. शेवटी हळूच म्हणाले, “तुमच्यात अशीच पद्धत हाय का?” विश्वजीत गंभीरपणे म्हणाले, “हो, रविवारची.” बाबा मात्र त्या लग्नाला आले नव्हते. परक्या माणसांत जेवायला त्यांचं मन अजून धजत नव्हतं.

आज ते इथे आले आहेत, आणि जेवून जाणार आहेत. सकाळी मला म्हणाले, “शालन रिटायर होतेय ना? तिला सांग, आता उजव्या हाताने जेव म्हणावं. माझं मला जमतंय.”

ताई, निरोप पोचवला. बाबा, ती नकाराची मान हलवते आहे. बहुतेक ती फक्त ऑफिसातून निवृत्त झाली आहे.

अध्यक्षमहाराज, आपण मला बोलू दिलंत, सर्वांनी ऐकून घेतलंत, याबद्दल मनापासून आभार. काही अधिकउणं बोललं गेलं असेल तर पोटात घाला. बाहेर जेवण मांडलं आहे, खिडकीजवळच्या टेबलाशी आमची पंगत बसेल. तिथे कुणाचं सांडलेलं दिसलं, तर ते आम्हा पोरींचं समजा. बाबांचं आता सांडत नाही.