त्यायचं नाव

नाई ना भाऊ, बिनवायरचा माइक बिघडला. सकाळी चांगला होता — आता बिघडला. आज हाच घ्या, वायरवाला. तुमाले काय फरक पडते, श्रेयांसभाऊ? तुमचं तं सारं अंगच बोलते! पयत येता, टुनकन उडी मारता, डोये वटारता, घाम पुसाले बी थांबत नाई — अन् शेवटच्या किश्श्यात बूट भिरकावून, पाण्याची बाटली डोक्यावर उलटी करून, वल्ल्या पायानं नाचता. पाठ हाये मले. अख्ख्या मालेगावनं मोबाइलवर पाह्यला तो किस्सा — कोणता? ग्रामसभेतल्या बाईचा! नवऱ्याचं नाव विकास, अन् बाई नवऱ्याचं नाव कशी घेईन? मंग उभी राहून म्हणते, ‘आमच्या गावाचा — आमच्या त्यायचं नाव — झाला पाह्यजे!’

मी बी हासलो. खोटं कायले बोलू, तिच्यासमोरच हासलो. ते चुकलं माह्यं.

हो — तो विकास मीच. आसेगावचा. पंचफुलाचा नवरा, अन् आज तुमचा साउंडवाला. दचकता कायले? तुमाले किस्सा भेटला कुठून? तुमच्या बाबूजीच्या दुकानात चहा पेता पेता मीच सांगतला होता, चार लोकायले हासवाले. तुमी गल्ल्यामागं बसेल होते. मंग पोट्टे तिच्यामागं ओरडाले लागले — हापशीवर, एसटीत, बाजारात. दोन मयने घरात बोलली नाई. अन् काल भर बाजारात उभी राह्यली अन् जोऱ्यानं — विकास! विकास! विकास! तीन खेपा. बाईनं नाव घेतलं का नवऱ्याचं आयुष्य सरते म्हणतात आमच्याकडं. तिले माईत हाये. मंगळसूत्र माह्या हातावर ठेवलं अन् धनजले गेली, माहेरी. आता मले कायचं भेव राह्यलं, सांगा बरं?

नाई, नाई, मी कुठं काय करून राह्यलो? सांगून राह्यलो फक्त. या वायरीले एका जागी कट हाये, टेप मारली नाई, अन् तिथंच लाइटाची उघडी वायर टेकून करंट उतरते. बूट पायात असले तं काईच होत नाई. तो किस्सा आज नाई केला तं बूट बी नाई निघत, पाणी बी नाई सांडत. केला — तं तुमची मर्जी.

बाटल्या? ठेवल्या ना स्टेजवर. दोन.

आयका, शिट्ट्या मारून राह्यले लोक. धरा माइक. जा — स्टेजवरून तुमचं बी नाव घेतलं.