भिजवलेलं तिकीट

तुमी हसान, पण सांगतो. वीस वर्षं मी अमरावतीत जुनी एअरमेलची तिकिटं जमवून राहिलो, अन् नवशिक्या सुधाकरले अकोल्यात काकाच्या पेटीत दुर्मिळ तिकीट लागलेलं पाकीटच सापडलं. माह्या तं पोटातच दुखाले लागलं. लिलावात शिक्क्यासकट अख्ख्या पाकिटालेच भाव येते, हे मले ठाऊक होतं. तरी फोनवर म्हटलं, "पाण्यात भिजव अन् तिकीट काढून घे."

लिलावात पाहतो तं त्याचं पाकीट अख्खं. बोली चढतच गेली.

मी विचारलं, "काहून, भिजवलं नाही काय?"

"भिजवलं ना. दोन पाकिटं होती. दुसरं भिजवाले वेळच नाही भेटला, तसंच लिलावात टाकलं." त्यानं खिशातून पुडी काढली. "चांगलंवालं तुह्यासाठी भिजवलं. घे."