डब्याबरोबर आलेलं शिखर

दवाखान्यात गुडघ्याच्या एक्स-रेसाठी ताटकळलेल्या बाईंच्या शेजारी बापलेकीची जोडी येऊन टेकली.

“बाबा, काल हृदयाच्या स्कॅनचं इंजेक्शन घेतलंत, मला सांगितलंसुद्धा नाही!”

“सांगितलं असतं तर काम टाकून धावत आली असतीस. उलट मीच तुझा डबा घेऊन आलो.”

“आणि प्रयोगशाळेत नेमके माझ्या यंत्राला टेकून बसलात! ताऱ्यांत घडणाऱ्या अणूंचे किरण मोजतो आम्ही. एकाएकी आलेखात नवं शिखर! सरांनी अख्खा विभाग गोळा केला.”

“हो, माझ्याशीही हात मिळवला त्यांनी.”

“तुम्ही रिकामा डबा घेऊन निघालात आणि शिखर भुईसपाट! नीट पाहिलं तर ते दवाखान्यातल्या किरणोत्सारी औषधाचं.”

“म्हणजे यंत्रानं माझी चुगली केली!”

बाई हळूच बाकाच्या टोकाला सरकल्या.

“घाबरू नका हो,” लेक त्यांना म्हणाली, “कालचं उतरलंय. आजचं दुसरं इंजेक्शन अजून व्हायचंय.”

“काय गं नाव त्या औषधाचं?” वडिलांनी विचारलं.

“टेक्नेशियम. म्हाताऱ्या ताऱ्यांतही सापडतं ते. आणि आज डबा प्रयोगशाळेच्या फाटकावरच ठेवायचा. आत पाऊल टाकायचं नाही.”

“वा गं वा! जन्मभर तारे शोधतेस, आणि एक म्हातारा तारा स्वतः डबा घेऊन आला, तर त्याला फाटकावर उभं करतेस?”