दाजींच्या विमानाच्या तीन फेऱ्या

...आणि वर मास्तर म्हणतात, विमान वळणारच नाही! अहो, वळणार नाही म्हणजे काय? चाळीस वर्षं वळत होतं की! तुम्हाला सांगतो, अख्ख्या मिऱ्या गावाने ते वळताना ऐकलंय!

म्हणजे कसं, आमचे दाजी आगबोटीवर खलाशी. एक्केचाळीस साली रंगूनच्या धक्क्यावर होते. जपानी झीरो विमान आलं, सूऽऽऽ करत थेट दाजींच्या अंगावर! दाजी पळाले गोदामाभोवती, विमान मागे. एक फेरी, दोन फेऱ्या, तीन फेऱ्या... शेवटी विमानच दमलं आणि गेलं! ही गोष्ट दाजींनी प्रत्येक लग्नात, बारशाला, एकदा तर बाराव्यालाही सांगितली. आणि पंच्याऐंशी साली घात केला कुणी? सख्ख्या पुतण्याने! बाबूसुद्धा बोटीवर, तो सिंगापूरहून लढाईचा खेळ घेऊन आला. हा एवढा नकाशा, त्यावर मधाच्या पोळ्यासारखी सहाकोनी घरं, पुठ्ठ्याची विमानं, फासे आणि नियमांचं इंग्रजी पुस्तक. ते वाचणार कोण? हरिश्चंद्र मास्तर! रिटायर झालेला मास्तर आणि हातात नियम... आणखी काय पाहिजे?

दाजींनी अर्थातच जपान घेतला. पहिल्याच डावात झीरो उचललं, वरून सूर मारला आणि गर्रकन वळवलं. मास्तरांनी चष्मा सारखा केला. "दाजी, नियम अकरा. हळू जाताना हे भोवऱ्यासारखं वळतं, मान्य. पण सूर मारताना वेग वाढला की वैमानिकाच्या हातातला दांडा हलता हलत नाही. सरळ तीन घरं जा."

"पुठ्ठ्याला काय ठावं?" दाजी कडाडले. "माज्या मागं तीन फेऱ्या मारल्यान् त्यानं!"

पण नियम तो नियम. गेलं सरळ. मास्तरांनी फासा टाकला, एक गोळी लागली, आणि झीरो जळून खाक! का? तर पेट्रोलच्या टाकीला संरक्षण नाही, वैमानिकाच्या पाठीला पत्रा नाही. "वजन वाचवलं हो त्यांनी, म्हणून तर लांब जायचं," मास्तर समजावतात.

"खेळ गोऱ्यांनी केलान्, ते जपान्याला पत्रा कशाला देतील? पुठ्ठ्याला काय ठावं!"

तुम्हाला सांगतो, इथे थांबले असते तर ते मास्तर कसले? दुसऱ्या दिवशी लायब्ररीतून जाडजूड ग्रंथच घेऊन आले. "दाजी, झीरो नौदलाचं. रंगूनवर आली ती लष्कराची विमानं. तुमच्या मागे झीरो नव्हतंच!"

झालं! ज्याच्यापुढे माणूस चाळीस वर्षं धावला, ते विमान तेच नाही? दाजींना त्या दिवशी बांगडासुद्धा गोड लागेना. शेवटी त्यांनी पडवीत खडूने गोदाम काढलं, सुपारी ठेवली, ती म्हणजे दाजी, आणि पुठ्ठ्याचं विमान सोडलं मागे. नियमाने ते सरळ गेलं... पायरीवरून थेट अंगणात!

तेवढ्यात मासे साफ करता करता भागूबाई, म्हणजे दाजींची बायको, मान वर न करता म्हणाल्या, "अवो, लग्नाच्या वर्षी सांगितलंत तवा एक पण फेरी नव्हती. इमान सरळ गेलं, नि तुमी तांदळाच्या गोणींमागं सांजपर्यंत रडत बसलेलात. पैली फेरी थोरलीच्या बारशाला आली."

दाजी सुपारीकडे बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "व्हय. लय भ्यायलो व्हतो. वीस वर्षांचा व्हतो मी."

मास्तरांनी ग्रंथ मिटला. पहिल्यांदाच त्यांना नियम सापडेना.

दाजींनी मात्र मन घट्ट केलं. सकाळी सदूच्या चहाच्या दुकानात जाऊन भर गर्दीत खरं सांगितलं. विमान सरळ आलं, सरळ गेलं, फेरी नाही, झीरो नाही, मी रडलो. अहो, सगळे चहा प्यायचे थांबले! सदू म्हणतो, "दाजी, बरं नाय काय? आता विसरायला लागलात तुमी! तुमी थांबा, मी सांगतो..." आणि सदूने हातातल्या किटलीसकट सूर मारून दाखवला.

आता गोष्ट सदूच सांगतो. दाजी कोपऱ्यात बशीतून चहा पितात. परवा सदूच्या विमानाने पाचवी फेरी घेतली, लोकांनी दाजींकडे पाहिलं, आणि काय करणार बिचारे... म्हणाले, "सहा."